रीअपिअर, रीइमर्ज, रीसर्फेस: ‘प्रकट होणे’ सोडून काय लिहायचं?

उपशीर्षकवाली

गोव्यातल्या कुर्डी गावावरच्या एका इंग्रजी निवेदनाचं उपशीर्षकांसाठी मराठी करायचं आहे. साळावली धरणाच्या जलाशयात गेलेलं सांगे तालुक्यातलं हे गाव (मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी). उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ते काही आठवडे पुन्हा दिसतं. निवेदकाला ‘रीअपिअर’ हे क्रियापद भलतंच आवडलेलं आहे. गाव रीअपिअर होतं, ढगांमागचा सूर्य होतो, ग्रामस्थांपैकी कुणाचा तरी हिवताप होतो, आणि शेवटी एक जुनं छायाचित्रसुद्धा होतं.

कोशात ‘पुन्हा प्रकट होणे, पुन्हा दृग्गोचर होणे’ असं मिळालं. ‘गाव पुन्हा प्रकट होतं’ वाचलं की खांबातून नृसिंह निघाल्यासारखं वाटतं. दृग्गोचर तर पडद्यावर वाचेपर्यंत दृश्य संपेल.

प्रश्न असे:
१. सगळीकडे चालेल असा एक मराठी शब्द आहे का?
२. रीअपिअर, रीइमर्ज, रीसर्फेस, रिकर यांत नेमका फरक काय? ग्राहकाने काही ठिकाणी इंग्रजीतच बदल सुचवायला सांगितलं आहे.
३. संहितेत एके ठिकाणी ‘द व्हिलेज वॉज रीअपिअर्ड’ आहे. हे चुकीचं आहे ना?

लाल पेन

तिसऱ्याचं उत्तर आधी, कारण ते सोपं आहे. हो, चूक आहे. ‘अपिअर’ अकर्मक आहे, त्याला ‘री’ लावलं म्हणून ते सकर्मक होत नाही, आणि कर्म नाही तर कर्मणी प्रयोगही नाही. ‘द व्हिलेज रीअपिअर्ड’ एवढंच हवं. गाव आत्ता दिसतंय आणि तीच बातमी आहे, तर ‘हॅज रीअपिअर्ड’.

ही चूक मराठी माणसाकडून का होते तेही बघा. आपण ‘प्रकट झालं आहे’ म्हणतो. त्यातल्या ‘आहे’साठी हात आपोआप ‘इज’कडे जातो आणि ‘इज रीअपिअर्ड’ तयार होतं. भूतकाळात त्याचंच ‘वॉज रीअपिअर्ड’. ‘गॉट रीअपिअर्ड’ हा त्याच घरातला धाकटा भाऊ. असल्या क्रियापदांत आपल्या ‘झालं आहे’ला इंग्रजीत ‘हॅज’ लागतो. मात्र ‘काल’, ‘गेल्या मे महिन्यात’ असा ठरावीक काळ वाक्यात असेल तर ‘हॅज’ काढून साधा भूतकाळ ठेवायचा.

दुसऱ्याने कुणी ती वस्तू परत दिसायला लावली असेल तर ‘मेक’ची मदत घ्यावी लागते. जादूगाराचं नाणं घ्या: ‘ही मेड द कॉइन रीअपिअर’. इथे मध्ये ‘टू’ नाही. पण कर्मणीत तोच ‘टू’ परत येतो: ‘द कॉइन वॉज मेड टू रीअपिअर’. ‘ही रीअपिअर्ड द कॉइन’ असं कधीच नाही.

एक अपवादासारखी गोष्ट माहीत असू द्या. उलट्या अर्थाचं ‘डिसअपिअर’ मात्र बातम्यांत कर्मणी भेटतं, ‘ही वॉज डिसअपिअर्ड’. त्याचा अर्थ ‘तो गायब झाला’ असा नसून ‘त्याला गायब करण्यात आलं’ असा आहे. लॅटिन अमेरिकेतल्या लष्करी राजवटींनी उचलून नेलेल्या माणसांच्या संदर्भात ही रचना रुळली. ती मुद्दाम वाकवलेली आहे, तिच्यावरून रीअपिअरचा नियम काढू नका.

आता ‘री’विषयी. ‘रीअपिअर अगेन’ आणि ‘रीअपिअर बॅक’ हे आपल्या ‘पुन्हा परत’सारखं. अगेन काढून टाका. फक्त खरोखर दुसऱ्यांदा परतण्याची गोष्ट असेल, म्हणजे जूनमध्ये नाहीसं, ऑगस्टमध्ये हजर, पुन्हा नाहीसं, डिसेंबरमध्ये पुन्हा हजर, तर त्या शेवटच्या वेळेला अगेन क्षम्य आहे.

पण ‘रीअपिअर’ आणि ‘अपिअर अगेन’ एकच नाहीत. एखादी गायिका सोमवारी दूरचित्रवाणीवर दिसली, मंगळवारीही दिसली, तर ती ‘अपिअर्ड अगेन’. ‘रीअपिअर्ड’ म्हटलं की मध्ये बराच काळ ती कुठेच नव्हती असं ऐकणारा धरून चालतो. मधला अभाव हा या क्रियापदाचा अर्धा अर्थ आहे.

स्पेलिंगमध्ये दोन ठिकाणी पाय घसरतो. पी दोन आहेत, आणि नाम करताना शेवट ए-एन-सी-ई होतो, ई-एन-सी-ई नाही. उच्चार रीअपिअर, आघात शेवटच्या ‘पिअर’वर. यमक ‘फिअर’शी जुळतं, ‘बेअर’शी नाही. म्हणून ‘रीअपेअर’ म्हणू नका, ऐकणाऱ्याला कुठली तरी दुरुस्ती चालली आहे असं वाटेल.

दोन कोशांच्या मध्ये

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, एक शब्द नाही. आणि तो शोधण्यातच वेळ जातो.

इंग्रजी रीअपिअर फक्त बघणाऱ्याच्या बाजूने बोलतं. आधी दिसत होतं, मग दिसेनासं झालं, आता दिसतंय, एवढंच. ती वस्तू मधल्या काळात कुठे होती, स्वतः हलली की तिच्यावरचं झाकण हललं, आपल्या मर्जीने आली का, यांवर ते गप्प बसतं. मराठीला असं गप्प बसणं जमत नाही. आपल्याकडे कोण परत दिसलं यावर क्रियापद ठरतं:

सूर्य: ‘पावसाने उघडीप दिली’, ‘पुन्हा ऊन पडलं’. मराठीत ढगांआडून सूर्य क्वचितच येतो, येतं ते ऊन.
रोग, भांडण, गुंडगिरी: ‘पुन्हा डोकं वर काढलं’.
नको असलेला माणूस: ‘परत उगवला’, अगदीच राग असेल तर ‘उपटला’.
हवासा माणूस: ‘परतला’, ‘परत दिसू लागला’.
दडी मारलेला पाऊस: ‘पुनरागमन’. बातम्यांनी हा शब्द गुळगुळीत केला आहे, पण गणपती उत्तरपूजेतल्या ‘पुनरागमनाय च’मुळे तो घराघरांत कळतो.
मजकुरातलं नाव किंवा पात्र: ‘पुन्हा येतं’. ‘हे नाव चाळिसाव्या पानावर पुन्हा प्रकट होतं’ लिहिणाऱ्याला दंड करावा.
आरोपी किंवा साक्षीदार: ‘पुन्हा हजर झाला’. न्यायालयीन अपिअर म्हणजे दिसणं नव्हे, हजर होणं.
मोबाइलच्या पडद्यावरची सूचना: ‘ही सूचना २४ तासांनी पुन्हा दिसेल’. इथे ‘दिसेल’ इतकं चांगलं काही नाही.

आता तुमचं गाव. ते स्वतः जागचं हलत नाही, पाणी खाली जातं. म्हणून ‘गाव वर येतं’ हे काटेकोरपणे चूक आहे, जरी वर्तमानपत्रं तसं लिहितात. धरणाच्या काठावरची माणसं बोलतील तसं म्हणजे ‘उघडं पडतं’ किंवा ‘पाण्याबाहेर येतं’. उजनीच्या पाण्यातल्या पळसदेवच्या मंदिराबद्दलही हेच शब्द कानावर येतात. ‘उघडं पडणे’ला बिंग फुटण्याची छटा आहे हे खरं, पण शेजारी ‘पाणी ओसरलं की’ असेल तर कुणी गैरसमज करून घेणार नाही.

आणखी एक सावधगिरी. कुर्डीचं प्राचीन महादेव मंदिर धरण भरण्याआधी दगड सुटे करून दुसरीकडे नेऊन उभारलं आहे. ते पाण्यातून ‘रीअपिअर’ होत नाही. निवेदनात तसं काही असेल तर ती भाषेची नाही, माहितीची चूक आहे. उन्हाळ्यात दिसतात ते घरांचे चौथरे, भिंतींचे अवशेष, विहिरी.

दुसरा प्रश्न, थोडक्यात. रीसर्फेसमध्ये पृष्ठभाग आहे: पाणबुड्या, पाणबुडी, देवमासा खालून वर येतो. लाक्षणिक अर्थाने जुनं छायाचित्र, जुनी चित्रफीत, जुना आरोप रीसर्फेस होतो. तुमच्या शेवटच्या छायाचित्राला हेच क्रियापद सुचवा आणि मराठीत ‘पुन्हा फिरू लागलं’ किंवा ‘पुन्हा समोर आलं’ करा. रीसर्फेस सकर्मकही आहे, आणि तेव्हा अर्थ पार वेगळा: ‘दे रीसर्फेस्ड द रोड’ म्हणजे रस्त्यावर डांबराचा नवा थर दिला. यंत्राने भाषांतर केलं की यातूनच ‘रस्ता पुन्हा प्रकट केला’ निघतो.

रीइमर्ज म्हणजे कशाच्या तरी आतून बाहेर येणं. बोगदा, धुकं, तुरुंग, दिवाळखोरी. त्याला ‘फ्रॉम’ शोभतो, आणि आत काहीतरी सोसलं किंवा बदललं असावं अशी सूचना असते. गावासाठी ‘रीइमर्जेस फ्रॉम द वॉटर’ चालेल.

रिकर वेगळ्याच जातीचं. ते दिसण्याबद्दल नाही, घडण्याबद्दल आहे. स्वप्न, चूक, दशांश अपूर्णांकातले अंक. शाळेतला आवर्ती दशांश तो हाच. माणूस रिकर होत नाही.

आणि एक पाचवं, जे तुम्ही विचारलं नाही: रीडिस्कव्हर. रानपिंगळा नावाचं घुबड १८८४नंतर कुणाच्या खात्रीच्या नोंदीत नव्हतं. नोव्हेंबर १९९७मध्ये पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांना ते शहाद्याजवळ सापडलं. इंग्रजी मजकूर त्याला ‘रीडिस्कव्हर्ड’ म्हणतो, ‘रीअपिअर्ड’ नाही, आणि ते बरोबर आहे. पिंगळा सातपुड्यातच होता, न दिसणं हे आपलं होतं. असं असलं की क्रियापदाचा कर्ता शोधणारा असतो आणि मराठीत ‘पुन्हा सापडला’ होतं.

गच्चीवरची दुर्बीण

वरच्या प्रतिसादाला पुरवणी. ‘मराठीत एक शब्द नाही’ हे बोलीपुरतं मान्य, पण आकाशाच्या बाबतीत पंचांगवाल्यांनी हे शब्द कधीचेच घडवून ठेवले आहेत, तेही इंग्रजीपेक्षा बारकाईने.

ग्रह सूर्याच्या फार जवळ गेला की दिसेनासा होतो, तो त्याचा ‘अस्त’ किंवा ‘लोप’. पुन्हा दिसू लागला की ‘उदय’. रोजच्या उगवण्या-मावळण्याशी याचा संबंध नाही. गुरू-शुक्राच्या अस्तात लग्नाचे मुहूर्त नसतात, तो हाच अस्त. शुक्राचं हे पूर्ण चक्र सुमारे ५८४ दिवसांचं असतं: संध्याकाळी पश्चिमेला दिसणारा शुक्र तिथेच लोपतो आणि काही दिवसांनी पहाटे पूर्वेला उगवतो. इंग्रजी निवेदनात ‘व्हीनस रीअपिअर्स इन द मॉर्निंग स्काय’ आलं तर मराठी वाक्य ‘शुक्राचा पूर्वेला उदय होतो’, आणि बाकी काही नको.

ग्रहणाच्या पायऱ्या: स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन, मोक्ष. संमीलन म्हणजे खग्रास अवस्थेची सुरुवात, उन्मीलन म्हणजे तिचा शेवट. सूर्यग्रहणात हिऱ्याची अंगठी दुसऱ्यांदा चमकते तो क्षण उन्मीलनाचा. तिथे ‘द सन रीअपिअर्ड’ अचूक आहे आणि उन्मीलन हा त्याचा तंतोतंत शब्द. मोक्षाशी गल्लत करू नका, मोक्षाला चंद्र सूर्यबिंबावरून पूर्ण बाजूला झालेला असतो.

चंद्रग्रहणाला मात्र रीअपिअर बसत नाही. ७ सप्टेंबर २०२५च्या ग्रहणात खग्रास अवस्था ८२ मिनिटं होती, पण तेवढा वेळ चंद्र नाहीसा झाला नव्हता. पृथ्वीच्या वातावरणातून वळून आलेल्या प्रकाशात तो तांबूस दिसत होता. जे दिसेनासंच झालं नाही ते पुन्हा कसं दिसेल? तिथे इंग्रजीत ‘ब्राइटन’ लागतं, मराठीत ‘उजळू लागला’.

या शब्दाचा सर्वांत कोरडा वापर बघायचा असेल तर गुरूच्या उपग्रहांची वेळापत्रकं उघडा. उपग्रह गुरूच्या सावलीत किंवा गुरूमागे जातो तिथे ‘डी’, बाहेर येतो तिथे ‘आर’. डिसअपिअरन्स आणि रीअपिअरन्स. ही ‘आर’ची वेळ नुसती टिपण्याला केवढी किंमत आहे बघा: डॅनिश खगोलशास्त्रज्ञ ओले रोमरने १६७६मध्ये आधीच सांगून ठेवलं होतं की नोव्हेंबरमध्ये आयो हा उपग्रह अपेक्षेपेक्षा सुमारे १० मिनिटं उशिरा सावलीबाहेर दिसेल. प्रकाशाला यायला वेळ लागतो हे त्यातून पुढे आलं.

चंद्र ताऱ्याला झाकतो त्याला पिधान म्हणतात. रोहिणी, मघा, चित्रा, ज्येष्ठा हे चार ठळक तारे चंद्राच्या वाटेत येतात. चंद्राला वातावरण नाही आणि तारा आपल्याला बिंदूएवढा, म्हणून तो दिवा लावल्यासारखा झटकन परततो. इथे ‘सडनली रीअपिअर्ड’ ही शब्दांची सजावट नाही, वर्णन आहे. शुक्ल पक्षात तारा चंद्राच्या अंधाऱ्या कडेला नाहीसा होतो आणि उजळ कडेला परततो, म्हणून परतणं टिपायला अवघड. कृष्ण पक्षात उलट. निवेदनात पिधानाचं दृश्य असेल तर कुठली कड ते तपासा.

शब्दाच्या मुळाबद्दल एक. लॅटिन ‘पारेरे’ म्हणजे दृष्टीस पडणं. अपिअर, अ‍ॅपरंट, ट्रान्सपरंट, अ‍ॅपरिशन हे सगळे त्यातले. अ‍ॅपरिशन म्हणजे भूत हे सगळ्यांना माहीत असतं, पण धूमकेतूच्या प्रत्येक फेरीलाही तोच शब्द आहे. हॅलेचं १९१०चं अ‍ॅपरिशन, १९८६चं अ‍ॅपरिशन, पुढचं २०६१ला. भाषांतरात ‘हॅलेचं भूत’ करू नका. (ट्रान्सपरंटमधला ‘पर’ आणि आपल्या पारदर्शकमधला ‘पार’ यांचं काही नातं नाही. आपला पार पैलतीराचा.)

थर्मामीटर

हिवतापाच्या वाक्याकडे कुणी वळलं नाही म्हणून.

‘द फीव्हर रीअपिअर्ड’ला मराठीत उत्तम क्रियापद आहे: ताप उलटला. टायफॉइड उलटतो, कावीळ उलटते. ‘पुन्हा प्रकट’ नको आणि ‘पुनरुद्भवला’ही नको.

पण मलेरियात जरा थांबा, कारण तिथे परतण्याचे तीन प्रकार आहेत आणि वैद्यकीय इंग्रजी त्यांना तीन वेगळे शब्द देतं. व्हायव्हॅक्स आणि ओव्हाले या जातींचे परजीवी यकृतात सुप्त राहतात आणि आठवड्यांनी, महिन्यांनी जागे होतात. हा ‘रिलॅप्स’, आपला उलटणं. औषध अपुरं पडलं किंवा परजीवी त्याला दाद देईनासे झाले, आणि रक्तात उरलेल्यांची संख्या पुन्हा वाढली, तर ‘रीक्रूडेसन्स’. फाल्सिपेरम या जातीत परतणारा ताप या प्रकारचा असतो. तिसरा, नवा डास चावून झालेला नवा संसर्ग, ‘रीइन्फेक्शन’. निवेदकाने रीअपिअर वापरून तिन्ही झाकले आहेत. मूळ माहितीत कुठला प्रकार ते लिहिलेलं नसेल तर मराठीतही मोघमच ठेवा: ‘हिवताप पुन्हा आला’. ‘उलटला’ लिहिलंत तर तुम्ही निदान केलंत.

आणि हा ताप एका माणसाचा आहे की गावात साथ आली आहे? साथ असेल तर उलटणं चालत नाही, साथ डोकं वर काढते.

लाल पेन

थर्मामीटर, शेवटचं वाक्य फार कामाचं. माणसाला उलटणं, साथीला डोकं.

एक राहिलं होतं, परीक्षेचं. ‘अपिअर फॉर द एक्झाम’ हे भारतात सर्रास चालतं, ब्रिटनमध्ये ‘सिट’ म्हणतात आणि पुन्हा बसला तर ‘रीसिट’, अमेरिकेत ‘रीटेक’. गंमत अशी की आपलं ‘परीक्षेला बसणे’ ब्रिटिशांच्या शेजारी बसतं. पंजाब-हरियाणाकडे ‘रीअपिअर’ चक्क नाम आहे: एखाद्या विषयात ‘रीअपिअर आली’ म्हणजे आपल्याकडची ‘केटी लागली’. परदेशी विद्यापीठाच्या अर्जात यातलं काहीच लिहू नये. ‘आय रीअपिअर्ड इन मॅथ्स’ वाचून तिथला माणूस आधी कुठे गायब झाला होतात ते विचारेल. ‘आय रीटुक द मॅथ्स एक्झाम’ लिहा.

उपशीर्षकवाली

सगळ्यांचे आभार. चार वाक्यं अशी केली आहेत, बघा:

गाव: ‘उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरतं आणि कुर्डी पुन्हा उघडं पडतं.’
सूर्य: ‘ढग सरले, पुन्हा ऊन पडलं.’
ताप: ‘त्यांना हिवताप पुन्हा आला.’ (एकाच माणसाचा आहे, प्रकार दिलेला नाही.)
छायाचित्र: ‘वर्षांनंतर ते छायाचित्र पुन्हा समोर आलं.’ इंग्रजीत रीसर्फेस सुचवते आहे.

शेवटची शंका. संहितेत कुठे ‘री-अपिअर’ असा संयोगचिन्हासह आहे, कुठे जोडून. कुठला ठेवू?

लाल पेन

जोडून. आजच्या कोशांत तसंच आहे. संयोगचिन्ह जिथे अर्थ फिरतो तिथे राखून ठेवा: ‘रिझाइन’ म्हणजे राजीनामा, ‘री-साइन’ म्हणजे पुन्हा सही. रीअपिअरला असा जुळा भाऊ नाही. रीइमर्जमध्ये मात्र दोन ई शेजारी येतात, त्यामुळे ब्रिटिश पद्धतीत तिथे बहुधा चिन्ह असतं. ग्राहक कुठला आहे ते बघून एकच पद्धत शेवटपर्यंत ठेवा.

दोन कोशांच्या मध्ये

वाक्यं छान. फक्त ‘वर्षांनंतर’ मराठी नाही, ‘कित्येक वर्षांनी’ करा. आणि गावाच्या वाक्यात ‘पुन्हा’ काढून बघा: ‘उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरतं आणि कुर्डी उघडं पडतं.’ दर वर्षीचं आहे हे ‘ओसरतं’मधल्या रीतीच्या काळातच आलं, उपशीर्षकात दोन अक्षरं वाचली.